सॉफ्टवेअरची बेरीज आणि एक्सेलची बेरीज: दर महिन्याला फरक येतो कुठून?

सॉफ्टवेअरच्या प्रिंटवर मार्चचं संकलन १८,६४,२३० लिटर. तोच डेटा एक्सेलमध्ये घेऊन पिव्हट (महिनावार बेरजा मांडणारं कोष्टक) केला तर मार्चसमोर ६०,४१२. आणि खाली डिसेंबरचंही दूध जमा झालेलं, बैठक एप्रिलातली असून! चार्ट पडद्यावर लागला तसा अध्यक्षांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एवढंच विचारलं, "डिसेंबरचं दूध आत्ताच घातलं कुणी?"

मी एका दूध संघात हिशेब आणि रिपोर्ट बघतो. आमचं सॉफ्टवेअर बाजारात मिळणारं नाही, संघासाठी बनवून घेतलेलं आहे. केंद्रावर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) भरायचं, दरपत्रकावरून भाव लागतो, दहा-दहा दिवसांचं बिल निघतं. शिकवायला आलेल्या मुलांनी दोन दिवसांत सगळे मेनू फिरवून दाखवले. 'एक्सपोर्ट टू एक्सेल' या बटणावर त्यांनी फार तर एक मिनिट घालवलं असेल. पुढचं वर्षभर आम्हाला जो त्रास झाला तो सगळा त्या बटणाच्या पलीकडचा होता.

सॉफ्टवेअर चुकत नव्हतं, एक्सेलही चुकत नव्हतं. एकानं दिलेलं दुसरा भलतंच वाचत होता. आम्ही मात्र दर महिन्याला शीटमध्ये हातानं डागडुजी करायचो आणि पुढच्या महिन्यात तेच दुखणं परत. तुमच्याकडे दुधाऐवजी खताची पोती असतील, ट्रकच्या फेऱ्या असतील, क्लासच्या फिया असतील. बटण तेच आणि घोळही तेच.

आधी फरक किती आहे ते बघा

दुरुस्तीला हात घालण्याआधी प्रिंटवरची बेरीज आणि एक्सेलची बेरीज शेजारी-शेजारी लिहा. फरकाच्या आकारावरूनच दुखणं बरंचसं कळतं. निम्म्याहून जास्त डेटा गायब असेल तर तारीख. ठरावीक केंद्रंच गायब असतील तर कोड. बेरीज बरोबर, पण एकच नाव दोनदा दिसत असेल तर टायपिंग. एका दिवसानंतर पुढचं काहीच नसेल तर ओळींची मर्यादा. आणि फरक पाच-पंचवीस रुपयांचा असेल तर घाबरू नका, त्यावर शेवटी येतो.

तारीख: सगळ्यात मोठा चोर

आमचं सॉफ्टवेअर तारीख आपल्या पद्धतीनं देतं: दिवस, महिना, वर्ष. ०७/०३/२०२५ म्हणजे ७ मार्च. पण ज्या कॉम्प्युटरवर विंडोजचं रीजन 'इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)' आहे, तिथलं एक्सेल अमेरिकन पद्धतीनं आधी महिना वाचतं. त्याच्या लेखी ती ३ जुलै.

आता मार्चचा पूर्ण महिना या चष्म्यातून बघा. १ मार्च झाली ३ जानेवारी, २ मार्च झाली ३ फेब्रुवारी. ३ मार्च उलटी-सुलटी कशीही वाचा, ३ मार्चच राहते. असं करत १२ मार्च झाली ३ डिसेंबर. तेरापासून पुढे एक्सेलची पंचाईत, कारण तेरावा महिना नाही. मग १३ ते ३१ या तारखांना ते हातच लावत नाही, नुसता मजकूर म्हणून सोडून देतं. म्हणून आमच्या पिव्हटमध्ये मार्चला एकाच दिवसाचं दूध होतं, बाकी अकरा महिन्यांना एकेका दिवसाचं, आणि एकोणीस दिवसांचं दूध कुठल्याच महिन्यात नव्हतं.

आमच्यासारखी दहा दिवसांची बिलं असतील तर हे आणखी फसवं होतं. पहिलं बिल १ ते १० चं, म्हणजे त्यातली प्रत्येक तारीख एक्सेलला 'खरी' वाटते. एरर नाही, लाल खूण नाही, काही नाही. तिसऱ्या बिलात निदान सगळ्या तारखा मजकूर झालेल्या असतात, त्यामुळे काहीतरी बिघडलंय हे चटकन समजतं. सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या बिलात, आणि बोंब तिसऱ्या बिलाला.

ओळखायचं कसं? तारखेच्या कॉलमला फिल्टर लावा आणि बाण उघडा. डेटा फक्त मार्चचा असताना वर २०२५ च्या खाली जानेवारी ते डिसेंबर अशी बारा महिन्यांची उतरंड आणि तिच्या खाली १३/०३/२०२५, १४/०३/२०२५ अशा सुट्या तारखा दिसल्या, की चोर सापडला. दुसरी खूण: कॉलम मुद्दाम मोठा करा. खऱ्या तारखा उजवीकडे सरकतात, मजकूर झालेल्या डावीकडे चिकटतात. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ. तिथे ७ मार्चला महिना आधी येऊन ३/७/२०२५ दिसत असेल, तर त्या मशीनवर सॉफ्टवेअरमधून काढलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर) डबल क्लिकनं उघडू नका.

आमच्याकडे हे दर महिन्याला का व्हायचं, ते कळायला मला तीन महिने लागले. माझ्या मशीनवर रीजन 'इंग्लिश (इंडिया)' होतं. मी रिपोर्ट काढला की सगळं ठीक. मी रजेवर असलो की शेजारच्या टेबलावरची ताई नव्या लॅपटॉपवर काढायची, त्याचं रीजन अमेरिकेचं. मी परत येऊन बघितलं की, "माझ्याकडे तर बरोबर दिसतंय." तिला वाटायचं तिचंच काही चुकतंय. तिचं काही चुकत नव्हतं.

एक सावधगिरी. बिघडलेल्या शीटमध्ये तारखा दुरुस्त करायला जाऊ नका. 'टेक्स्ट टू कॉलम्स' वापरून १३ च्या पुढच्या सुधारता येतील, पण पहिल्या बारा आधीच खऱ्या तारखा होऊन बसल्यात, त्यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही. ती शीट फेकून द्या आणि सॉफ्टवेअरमधून काढलेल्या मूळ फाइलपासून पुन्हा सुरुवात करा. आणि मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडून 'सेव्ह' केली असेल तर तीही आता मूळ राहिलेली नाही. परत एक्सपोर्ट करा.

कायमचा इलाज

रीजन बदलणं हा अर्धा इलाज. उद्या आणखी एक नवा लॅपटॉप येईल. म्हणून फाइल उघडायचीच नाही, आत ओढून घ्यायची. एक्सेल २०१६ पासून यासाठी लागणारं साधन, पॉवर क्वेरी, आतच असतं.

रिकामी वर्कबुक घ्या. 'डेटा' टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' वर जाऊन फाइल निवडा. जी खिडकी उघडते तिच्यात वरच्या बाजूला 'डेटा टाइप डिटेक्शन' आहे. तिथे 'डू नॉट डिटेक्ट' निवडा. एक्सेलनं स्वतःहून काही ओळखायचं नाही, आपण सांगू तेच. मग 'ट्रान्सफॉर्म डेटा'.

आत गेल्यावर पहिली ओळ शीर्षकाची करा. हे केलं की उजवीकडच्या पायऱ्यांच्या यादीत 'चेंज्ड टाइप' नावाची एक पायरी न बोलावता येऊन बसते. तिच्या शेजारची फुली दाबून तिला हाकला. बहुतेकांचं इथेच फसतं: आधी 'ओळखू नको' सांगितलेलं असतं, त्यामुळे माणूस निर्धास्त असतो आणि ही मागच्या दारानं येते.

आता तारखेच्या शीर्षकावर राइट क्लिक, 'चेंज टाइप', आणि यादीच्या अगदी तळाशी 'युजिंग लोकेल'. प्रकार तारीख, लोकेल इंग्लिश (इंडिया). याचा अर्थ मशीन कुठलंही असो, ही तारीख भारतीय पद्धतीनंच वाच. लिटर, फॅट, रक्कम यांना दशांश संख्या. कोड, खाते क्रमांक, मोबाइल यांना मजकूर. मग 'क्लोज अँड लोड'.

पुढच्या महिन्यात नवी फाइल त्याच फोल्डरमध्ये त्याच नावानं टाकायची आणि 'रिफ्रेश ऑल' दाबायचं. पिव्हट आणि चार्ट या टेबलवरच बांधा, म्हणजे वाढलेल्या ओळी आपोआप आत येतात. काही वेळा एकदा रिफ्रेश करून टेबल बदलतं पण पिव्हट जुनाच राहतो, दुसऱ्यांदा दाबा.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्याशी बोलणं असेल तर याहून सोपी गोष्ट मागा: एक्सपोर्टमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्या, २०२५-०३-०७. ही पद्धत भारतातलं एक्सेलही बरोबर वाचतं आणि अमेरिकेतलंही. आम्ही मागितलं तेव्हा समोरून उत्तर आलं, "सर, कुणी कधी मागितलंच नाही." चार दिवसांत करून दिलं.

कोडचं शून्य आणि खात्याचा शेवटचा आकडा

केंद्राचा कोड ००४२. सीएसव्ही डबल क्लिकनं उघडली की एक्सेल त्याला आकडा समजतं आणि बेचाळीस करतं. मग केंद्रांच्या नावाच्या यादीशी व्हीलुकअप (कोडवरून नाव शोधणारा फॉर्म्युला) लावला की ज्यांचे कोड शून्यानं सुरू होतात तेवढीच केंद्रं गायब. फाइलमध्ये कोडला अवतरण चिन्हं घातली तरी उपयोग नाही, उघडताना एक्सेल त्यांना जुमानत नाही. वर सांगितल्याप्रमाणे आत घेताना 'मजकूर' केलं की शून्य टिकतं. नव्यानं कोड ठरवायचे असतील तर सुरुवातीला एक अक्षर लावून टाका, कटकटच मिटते.

फक्त अक्षरं बघून लावा. आमच्या मारुल बाजूच्या रूटला कुणीतरी रोमन लिपीत 'मार-५' कोड दिला होता, रोमन 'एम-ए-आर' घालून. एक्सेलनं त्याची ५ मार्च केली. हसू नका, यात भले भले सापडलेत. माणसाच्या काही जनुकांची नावं 'मार्च१', 'सेप्ट१' अशी होती. संशोधकांच्या एक्सेलमध्ये त्यांच्या तारखा होत राहिल्या, आणि शेवटी नामकरण करणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. २०२० मध्ये तसे नियमच काढले. एक्सेल बदलण्यापेक्षा जनुकांची नावं बदलणं सोपं पडलं!

खाते क्रमांकाचा प्रकार मात्र हसण्यासारखा नाही. एक्सेल कुठल्याही आकड्याचे पहिले पंधरा अंकच धरतं. सोळा अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून आत गेला की सोळाव्या अंकाचं शून्य होतं. शेवटी ४७३ असेल तर ४७०. कॉलममध्ये तो आधी घातांकाच्या रूपात दिसतो, म्हणून माणूस फॉरमॅट बदलतो, पूर्ण आकडा दिसतो, आणि त्याला वाटतं झालं काम. गेलेला अंक फॉरमॅट बदलून परत येत नाही. आमच्या बँकेच्या पेमेंट फाइलमध्ये हे झालं आणि नऊ रकमा परत आल्या. परत आल्या हे नशीब. तो क्रमांक खरोखर दुसऱ्या कुणाचा असता तर? तेव्हापासून आमचा नियम असा: बँकेची फाइल सॉफ्टवेअरमधूनच थेट निघते, एक्सेलची तिला हवाही लागत नाही.

लिटरच्या कॉलमची एक उलटी तक्रार असते, आकडा मजकूर होण्याची. कॉलम निवडा आणि स्क्रीनच्या तळाच्या पट्टीकडे बघा. तिथे नुसती मोजणी दिसली आणि बेरीज दिसली नाही, तर ते आकडे नव्हेत. बऱ्याच घरगुती सॉफ्टवेअरची 'एक्सेल' फाइल खरं तर वेबपानाचं कोष्टक असतं, त्याला शेपूट फक्त एक्सेलचं लावलेलं. उघडताना 'फॉरमॅट आणि एक्स्टेन्शन जुळत नाही' असा इशारा येतो तो यामुळेच. अशा फाइलमध्ये आकड्यांना न दिसणारी एक वेगळी स्पेस चिकटून येते. जास्तीच्या स्पेस काढणारा ट्रिम फॉर्म्युला तिला काढत नाही, कारण ती साधी स्पेस नाही. तिचा कोड १६०. सबस्टिट्यूट (एकाच्या जागी दुसरं घालणारा फॉर्म्युला) वापरून कॅर १६० काढा, किंवा त्या बटणाशेजारी सीएसव्हीचं बटण असेल तर ते वापरा.

कऱ्हाड दोन वेळा

हे आपल्या भाषेचं खास दुखणं. इंग्रजी मदतपानांवर ते सापडलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पिव्हटमध्ये कऱ्हाड दोनदा येत होतं. दोन्ही डोळ्यांना अगदी सारखी. एकात ४१ केंद्रं, दुसऱ्यात ३. ट्रिम लावून झालं, स्पेस शोधून झाली. शेवटी अक्षरं मोजणारा लेन फॉर्म्युला लावला: एकाची लांबी ६, दुसऱ्याची ७.

हा आडवा, पापणीसारखा र दोन रीतींनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलंत, मग ह. दुसऱ्यावर साधा र, हलंत, त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह, मग ह. छापल्यावर तेच, पण मशीनच्या लेखी दोन वेगळे शब्द. शेतकऱ्यांच्या आडनावांत, गावांच्या नावांत, 'दऱ्या', 'गोऱ्हे', 'वाऱ्या' जिथे जिथे हा र येतो तिथे हा खड्डा आहे.

तसंच ॲडव्हान्सचं. कपातीच्या रिपोर्टमध्ये पशुखाद्य एकदा आणि ॲडव्हान्स दोनदा. ॲ हे एक अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीपासून टाइप करणाऱ्यांचा हात अ आणि वर चंद्र असा बसलाय, आणि काही कीबोर्ड अजून तेच देतात. इथेही लांबीत एकाचा फरक.

इलाज पॉवर क्वेरीतच: गावाच्या आणि कपातीच्या कॉलमवर 'रिप्लेस व्हॅल्यूज'. चुकीचं रूप शीटमधून कॉपी करून 'शोधा' मध्ये पेस्ट करा, हातानं टाइप करायला गेलात तर पुन्हा तुमच्याच कीबोर्डचं रूप येईल. खरा इलाज म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये गाव आणि कपातीचा प्रकार टाइप करू न देणं, यादीतून निवडायला लावणं.

मराठी अक्षरांऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए' आणि मधे मधे चार पायांचे गोल किडे दिसत असतील, तर डेटा खराब झालेला नाही. फाइलमधली अक्षरं युटीएफ-८ या पद्धतीनं साठवली आहेत हे एक्सेलला कुणी सांगितलं नाही, एवढंच. आत घेताना 'फाइल ओरिजिन' मध्ये ६५००१ निवडा.

१५ ऑगस्टनंतर काहीच नाही

वार्षिक सभेसाठी एप्रिलपासूनचा डेटा काढला आणि तो १५ ऑगस्टला थांबला. मध्येच, त्या दिवसाची निम्मी केंद्रं घेऊन. आमची १२० केंद्रं, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या, गाय आणि म्हैस. म्हणजे रोज ४८० ओळी. सॉफ्टवेअर एक्सपोर्ट करत होतं जुन्या एक्सएलएस प्रकारात, आणि त्याची मर्यादा ६५,५३६ ओळी. भागाकार करून बघा, १३७ वा दिवस येतो. १ एप्रिलपासून मोजला तर बरोबर स्वातंत्र्यदिन. उरलेल्या ओळी गुपचूप गळल्या, एक अक्षर न बोलता.

२०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्यात याच मर्यादेपायी कोविडचे १५,८४१ रुग्ण काही दिवस आकडेवारीत आलेच नव्हते, त्यामुळे आपल्याला फार लाज वाटायचं कारण नाही. नव्या एक्सएलएसएक्स प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात. तो प्रकार मिळत नसेल तर सीएसव्ही काढा, किंवा महिन्या-महिन्याच्या फाइली एका फोल्डरमध्ये टाकून 'फ्रॉम फोल्डर' नं एकत्र जोडा.

आणि ते पाच-पंचवीस रुपये

हे सगळं जागेवर बसल्यावर आमचा फरक उरला ३ रुपये १८ पैसे. आमचे अकाउंटंट काका एवढ्यावर गप्प बसणारे नाहीत. "तीन का असेना, गेले कुठं?"

१२७.३ लिटर, भाव ३४ रुपये ८५ पैसे. गुणाकार ४,४३६.४०५. सॉफ्टवेअर ओळीतच ४,४३६.४१ करून ठेवतं, कारण बिलावर अर्धा पैसा छापता येत नाही. मी एक्सेलमध्ये लिटर आणि भाव यांचा गुणाकार पुन्हा करत होतो आणि बेरजेपर्यंत तो अर्धा पैसा सांभाळून नेत होतो. गुणाकार राउंडमध्ये घालून दोन दशांशांवर आणला, फरक शून्य. त्याहून चांगलं म्हणजे गुणाकार पुन्हा न करता सॉफ्टवेअरचाच रकमेचा कॉलम वापरणं.

मग काकांना एक हिशेब लिहून दिला, तो त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलाय. महिन्याच्या १४,८८० ओळी, ओळीमागे जास्तीत जास्त अर्धा पैसा, म्हणजे ७४ रुपये ४० पैसे. फरक त्याच्या आत असला की ते राउंडचं बघायला सांगतात. पंच्याहत्तर रुपये झाले की चहा सोडून माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात, "तारखा बघ रे आधी."